विमान दोन मिनिटांत पोचतं, मग साइटवर अर्धा तास का दाखवतात?

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने एक फॉरवर्ड टाकला, जगातलं सगळ्यात छोटं विमानाचं उड्डाण, स्कॉटलंडमधे, जेमतेम दीड-दोन मिनिटांचं. माझा भाचा नववीत आहे, त्याने लगेच त्या दोन विमानतळांची नावं एका अंतर मोजणाऱ्या साइटवर टाकली आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. अंतर ३ किलोमीटर, विमानाने लागणारा वेळ ३० मिनिटं. खाली त्याचा मेसेज, "मावशी, ३० मिनिटांत ३ किमी म्हणजे ताशी ६, एवढं तर मी चालत जातो, यातलं खरं काय?"

प्रश्न इतका बरोबर होता की मी उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून म्हटलं सगळ्यांसाठीच लिहावं. कारण हा गोंधळ एकट्या त्याचा नाही, आपण दीवला किंवा लक्षद्वीपला जायचं ठरवतो तेव्हा मोबाइलवर जे "अंतर" आणि "वेळ" दिसतं त्यातही हाच घोळ असतो.

आधी ती दोन बेटं बघू

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, मुख्य भूमी संपल्यावर समुद्रात ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे. त्याचं मुख्य गाव कर्कवॉल. तिथून उत्तरेला वेस्ट्रे नावाचं बेट, वस्ती सहाशेच्या आसपास, आणि त्याच्या शेजारी चिकटल्यासारखं पापा वेस्ट्रे, तिथले लोक त्याला लाडाने पापे म्हणतात, वस्ती शंभराच्याही आत. एवढ्याशा पापेवर नॅप ऑफ होवर नावाचं दगडी घर आहे, साडेपाच हजार वर्षांहून जुनं, भिंती अजून उभ्या आहेत. म्हणजे माणूस तिथे फार आधीपासून राहतोय, विमान आत्ता आत्ता आलं.

ते विमान चालवते लोगनएअर नावाची कंपनी, १९६७ पासून. दोन विमानतळांमधलं अंतर २.७ किलोमीटर. आपल्या हिशोबात सांगायचं तर दादर स्टेशन ते माहीम स्टेशन, साधारण तेवढंच. आणि दुसरं एक, जे कळल्यावर मी स्वतः परत एकदा आकडा तपासला, मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब आहे. म्हणजे आपल्याकडे विमान ज्या पट्टीवर धावतं तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतही हा अख्खा प्रवास पोचत नाही.

विमानही तसंच छोटं, ब्रिटन-नॉर्मन आयलँडर. नावातच बेट आहे, आणि ते बनवलंच होतं अशा कामासाठी, पहिल्यांदा उडालं १९६५ मधे. दोन पंखे, आठ-नऊ प्रवासी, आत मधून चालायला जागा नाही, मागच्या सीटवाल्यांसाठी बाहेरूनच वेगळं दार, जीपला असतं तसं. एअर होस्टेस नाही, टॉयलेट नाही, गरज पडली तर एक प्रवासी पायलटच्या शेजारच्या सीटवर बसतो. चाकंही आत ओढली जात नाहीत, कायम बाहेरच, कारण एवढ्याशा उड्डाणासाठी चाकं आत घेऊन परत काढण्यात काहीच फायदा नाही, उलट बिघडायला एक वस्तू जास्त.

अंतर म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत?

आता मुद्द्यावर येऊ. साइट जे अंतर देते ते रस्त्याचं नसतं आणि विमान खरंच जेवढं उडतं तेवढंही नसतं. ते असतं पृथ्वीच्या गोल पाठीवरून एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतचं सगळ्यात छोटं अंतर. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक शिवणाचा दोरा घ्या, मुंबईवर एक टोक धरा, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि दोरा ताणा. तो सपाट नकाशावर आपण पट्टीने काढू तसा जात नाही, उत्तरेकडे वर चढून युरोपवरून जातो. हा ताणलेला दोरा म्हणजे साइटचं अंतर.

२.७ किलोमीटरला पृथ्वीच्या गोलाईने काही फरक पडत नाही हे खरं, पण एक गंमत इथेही लागू होते, आणि भाच्याने स्वतः गणित केलं तेव्हा तो इथेच अडकला होता. दोन्ही विमानतळ जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, साधारण ५९.३५ उत्तर, आणि रेखांशात फरक फक्त ०.०५ अंशाचा. त्याने भूगोलात शिकलेलं लावलं, एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून ०.०५ गुणिले १११, उत्तर साडेपाच. दुप्पट आलं! कारण एक रेखांश म्हणजे १११ किमी हे फक्त विषुववृत्तावर. रेखांशाच्या रेषा वर जाताना जवळ जवळ येतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडी कशा मधे रुंद आणि टोकाला निमुळत्या असतात तशा. मुंबईच्या अक्षांशावर एक रेखांश साधारण १०५ किमी भरतो, ऑर्कनीला जाईपर्यंत तो ५७ वर येतो. ५७ गुणिले ०.०५ केलं की २.८५, म्हणजे आकड्याच्या जवळ आलोच, उरलेला फरक आपण अंश ढोबळ धरले म्हणून.

विमानवाले किलोमीटर ऐवजी सागरी मैल वापरतात तेही याच गोलावरून आलंय, अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. बस, एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

मग ३० मिनिटं आली कुठून

ही साइट विमान कंपनीला काही विचारत नाही. तिला वेळापत्रक माहीत नाही, विमान कुठलं ते माहीत नाही, अशी उड्डाणं असतात का नसतात हेही माहीत नाही. ती फक्त अंतर घेते, त्याला मोठ्या जेट विमानाच्या वेगाने भागते, ताशी ८०० वगैरे, आणि वर चढण्या-उतरण्याचे म्हणून सरसकट अर्धा तास मिळवते. मुंबई-दिल्लीला हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो म्हणून कोणाला शंका येत नाही. पण २.७ किलोमीटरला ८०० ने भागलं की येतात १२ सेकंद, आणि त्यात अर्धा तास मिळवला की तीस मिनिटं बारा सेकंद! उत्तर सगळंच्या सगळं त्या मिळवलेल्या अर्ध्या तासाचं आहे, अंतराचा त्यात जवळपास काही वाटाच नाही.

रिक्षाचं बघा ना, बसल्या बसल्या मीटरवर किमान भाडं असतं, तुम्ही पुढच्या गल्लीत उतरलात तरी तेवढं द्यायचंच. लांब गेलात तर त्या किमान भाड्याचं काही वाटत नाही, जवळ गेलात तर सगळं भाडं म्हणजे तेच. विमानाच्या वेळेचं अगदी असंच आहे, एक भाग ठरलेला, एक भाग अंतराप्रमाणे वाढणारा. चूक एवढीच की साइटने ठरलेला भाग मोठ्या विमानाचा धरला आणि तो आयलँडरला लावला. मोठ्या जेटला वर चढायला, रांगेत थांबायला, लांब वळसा घेऊन उतरायला वेळ लागतो. आयलँडर पाचशे मीटरच्या आसपासच्या खडीच्या पट्टीवरून उडतं, ढगापर्यंत चढतच नाही, समोर दुसरी पट्टी डोळ्याला दिसत असते. आणि त्याचा वेग ताशी अडीचशेच्या आसपास.

म्हणून मी भाच्याला सांगितलं, साइटचं अंतर बरोबर आहे, वेळ चूक आहे, आणि फॉरवर्डमधले दोन मिनिटं खरे आहेत पण तेही पूर्ण उत्तर नाही.

"वेळ" तीन प्रकारचा असतो

पहिला, हवेतला वेळ. चाकं जमीन सोडतात तिथपासून परत टेकतात तिथपर्यंत. फॉरवर्डमधे येतो तो हा.

दुसरा, ब्लॉक टाइम. विमान उभं असताना चाकाखाली ठोकळे लावतात, चढावर ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात तसे. ते काढून विमान हलल्यापासून दुसरीकडे जाऊन परत थांबेपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम. एसटी फलाटावरून मागे घेतली तिथपासून पुढच्या स्टँडच्या फलाटाला लागेपर्यंत, तसंच. तिकिटावर जी सुटायची आणि पोचायची वेळ असते ती याची.

तिसरा आपला, घरातून निघून मुक्कामी पोचेपर्यंतचा.

मुंबई-पुणे घ्या. हवाई अंतर साधारण १२० किलोमीटर, जेटच्या वेगाने भागलं तर ९ मिनिटं. पण या मार्गावर विमान असतं तेव्हा वेळापत्रकात त्याला साधारण तासभर दिलेला असतो, कारण मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगेने सरकत जायचं, वर चढायचं, चढतोय न चढतोय तोवर उतरायला लागायचं. आणि त्यात घरातून विमानतळावर जाणं, दीड-दोन तास आधी पोचणं, पुण्यात लोहगावहून घरी जाणं धरलं तर शिवनेरीवाला आधी पोचला तरी नवल नाही. जितकं अंतर कमी तितका हवेतल्या वेगाचा उपयोग कमी, हे एकदा कळलं की बाकी सगळं आपोआप कळत जातं.

वेस्ट्रे-पापेला तिसरा वेळही छोटा आहे, आणि खरी कमाल मला त्यात वाटते. तिथे टर्मिनल म्हणजे शेतात एक छोटी इमारत, विमान गाडीसारखं येऊन समोर उभं राहतं, चार पावलं चालून माणूस आत बसतो. दोन मिनिटांचं उड्डाण उपयोगाचं ठरतं ते त्याच्या आजूबाजूला दोन तास चिकटवलेले नाहीत म्हणून. हेच आयलँडर उद्या मुंबई विमानतळाच्या रांगेत उभं केलं तर त्याचा काहीही फायदा उरणार नाही.

५३ सेकंद कसे काय?

या मार्गाचा विक्रम ५३ सेकंदांचा आहे, कॅप्टन स्टुअर्ट लिंकलेटर यांच्या नावावर. त्यांनी हे एकच उड्डाण बारा हजारांहून जास्त वेळा केलं, २०१३ मधे निवृत्त झाले. भाच्याने लगेच भागाकार केला, ५३ सेकंदांत २.७ किमी म्हणजे ताशी १८३ च्या आसपास. "पण विमान अडीचशेने जातं ना, मग ३९ सेकंदांत का नाही?" कारण अडीचशेला पोचायलाच वेळ मिळत नाही, उडताना वेग वाढतोय आणि पोचायच्या आधी कमी करायलाच लागतो. स्लो लोकल दोन स्टेशनांमधे कधी पूर्ण वेगात येते का, वेग पकडेस्तोवर ब्रेक लागतो, तसं.

आणि नेहमीचं उड्डाण दीड-दोन मिनिटांचं आणि विक्रम ५३ सेकंदांचा यातला फरक आहे वाऱ्याचा. विमान उडताना आणि उतरताना दोन्ही वेळा तोंड वाऱ्याकडे करतं, कारण पंखावरून हवा जोरात गेली पाहिजे, समोरून वारा आला की ती फुकटात मिळते आणि कमी धावून विमान उचललं जातं. (पतंग उडवताना आपणही वाऱ्याकडे पाठ करून मागे मागे, म्हणजे वारा येतो तिकडेच सरकतो, तेच.) आता वारा जर नेमका अशा दिशेने असेल की उडायचं तोंड आणि जायची दिशा एकच, तर विमान सरळ जाऊन सरळ उतरतं. नाहीतर आधी वाऱ्याकडे तोंड करून उडायचं, मग वळायचं, पलीकडे जाऊन परत वळून उतरायचं. नकाशावर २.७ किमी, प्रत्यक्षात उडलेलं अंतर दुप्पटही होऊ शकतं. दोन किलोमीटरवरच्या दुकानात जायला हायवेवर यू-टर्नसाठी किती पुढे जावं लागतं ते आठवा.

लांबच्या टप्प्यात वारा आणखी एक काम करतो. विमानाचा वेग हवेच्या हिशोबात असतो, आणि ती हवाच सरकत असते. वाहत्या नदीत नाव वल्हवतो तसं, प्रवाहाबरोबर पटकन, उलट हळू. कर्कवॉल ते वेस्ट्रे साधारण ४३-४४ किमी. वारा नसेल तर अडीचशेच्या वेगाने साडेदहा मिनिटं. समोरून ३० नॉटचा वारा, म्हणजे ताशी ५५ किमीचा, असेल तर जमिनीच्या हिशोबात वेग १९५ उरतो आणि तेरा मिनिटांहून जास्त लागतात, तोच वारा मागून आला तर साडेआठ-पावणेनऊ मिनिटं. ऑर्कनीत असा वारा म्हणजे काही वादळ नाही, झाडंच फारशी नाहीत तिथे, वाऱ्याला अडवायला काही नाही. एक गोष्ट मात्र बहुतेकांना वाटते ती चूक आहे, जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो असं नाही. समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो म्हणून तोटा जास्त वेळ होतो. वरचंच उदाहरण, जाऊन-येऊन वाऱ्याशिवाय २१ मिनिटं, वाऱ्यासकट २२. इथे एकच मिनिट, पण अंतर वाढलं की हा फरकही वाढत जातो.

"एवढ्याशा अंतराला विमान कशाला, बोट नाही का?"

हा प्रश्न ग्रुपवर काकांनी विचारला आणि तो विचारायलाच पाहिजे असा आहे. बोट आहे की. वेस्ट्रे ते पापे छोटी बोट जाते, वीस-पंचवीस मिनिटांत. पण दोन बेटांमधला समुद्र उत्तर अटलांटिकचा आहे, तिथे हिवाळ्यात बोट बंद पडण्याचे दिवस येतात. आपल्याकडे गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात तेव्हा अलिबागकरांचं काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त अलिबागकरांकडे वडखळवरून रस्ता आहे, पापेच्या माणसाकडे तो नाही.

आणि दुसरं, हे दोन मिनिटांचं उड्डाण मुळात दोन बेटांसाठी सोडलेलं विमान नाहीच आहे. विमान कर्कवॉलहून निघतं, वाटेत वेस्ट्रेला थांबतं, मग पापे, आणि परत कर्कवॉल, किंवा उलट क्रमाने. शेअर रिक्षा जशी वाटेत दोघांना उतरवत जाते. जगभर प्रसिद्ध झालेला तुकडा हा त्या फेरीतला मधला थांबा आहे. पापेच्या माणसासाठी महत्त्वाचा प्रवास आहे तो कर्कवॉलचा, कारण हॉस्पिटल तिथे, मोठी शाळा तिथे, मोठी दुकानं तिथे. बोटीने कर्कवॉल गाठायला तासाभराहून जास्त, विमानाने वीस-पंचवीस मिनिटांत. डॉक्टर, शिक्षक, दुरुस्तीवाले याच विमानातून बेटाबेटांवर जातात. बाहेरच्या बेटांवरची मोठी मुलं कर्कवॉलला हॉस्टेलमधे राहून शिकतात आणि सुट्टीला घरी येतात. पर्यटक येतात, स्टॉपवॉच लावतात, छोट्या उड्डाणाचं सर्टिफिकेट घेतात, चांगलंच आहे, पण विमान त्यांच्यासाठी सुरू झालं नव्हतं.

ही कल्पनाही १९६७ ची नाही. कॅप्टन फ्रेसन नावाच्या पायलटने १९३३ मधे इन्व्हर्नेस, विक आणि कर्कवॉल अशी विमानसेवा सुरू केली होती, ऑर्कनीच्या बेटांवर शेतातच विमान उतरवायचे ते. पुढच्या वर्षी टपालही त्यांच्याच विमानाने जायला लागलं.

"पूल बांधून टाका की मग"

शंभराच्या आत वस्ती, वादळी समुद्र, आणि पूल बांधून माणूस पोचणार कुठे, तर वेस्ट्रेला, जे स्वतःच बेट आहे. कर्कवॉल तिथूनही चाळीस किलोमीटर समुद्रापलीकडेच राहतं.

"पण आठ माणसांच्या विमानाचा खर्च निघतो का?"

तिकिटावर निघत नाही. तिथल्या कौन्सिलकडून पैसे मिळतात, सार्वजनिक सेवेचं बंधन म्हणून एक पद्धत आहे, म्हणजे सरकारने सांगायचं की या मार्गावर इतक्या फेऱ्या झाल्याच पाहिजेत, आणि तोटा भरून द्यायचा. दुर्गम गावात एसटी जाते ती काय नफ्यासाठी जाते का, गाव आहे म्हणून जाते. मला हे योग्यच वाटतं. बेटावर विमान बंद झालं की आधी तरुण कुटुंबं निघतात, मग शाळा बंद होते, मग परत कोणी यायला कारण उरत नाही.

प्रदूषणाचं म्हणाल तर छोट्या टप्प्यात बराचसा इंधनखर्च उडण्यात आणि चढण्यातच जातो, त्यामुळे दर किलोमीटरला हिशोब वाईटच दिसतो. पण याच छोट्या अंतरामुळे ऑर्कनी नव्या प्रयोगांसाठी योग्य जागा ठरलीय. बॅटरीवरचं विमान मुंबई-लंडन नाही जाऊ शकत, वजनच परवडत नाही, पण पंधरा मिनिटांच्या टप्प्यात जाऊ शकतं. आयलँडरला हायड्रोजनवर चालवायचा एक प्रकल्प ब्रिटनमधे चालू झाला, त्याला नाव दिलं फ्रेसन, वरच्याच कॅप्टनचं.

मोठं विमान का नाही लावत?

कारण धावपट्टी. बेटावर सपाट जागा किती, त्यावर पट्टी किती लांब हे ठरतं, पट्टीवरून विमान ठरतं, विमानावरून वेग, आणि वेगावरून वेळ. म्हणजे वेळेचा खरा उगम अंतरात नसून जमिनीच्या त्या तुकड्यात आहे. कॅरिबियन समुद्रात साबा नावाचं बेट आहे, सगळा डोंगर, पट्टी फक्त ४०० मीटर, दोन्ही टोकांना खाली समुद्र. जेट तिथे उतरूच शकत नाही. शेजारच्या सेंट मार्टेन बेटावरून ट्विन ऑटर नावाचं छोटं पंख्याचं विमान येतं, अंतर साधारण ४५ किमी, लागतात १२-१५ मिनिटं. सेंट मार्टेनला मोठी जेटही उतरतात, पण त्यांचा वेग साबाच्या माणसाच्या काही कामाचा नाही.

आणि कधी घड्याळच उलटं जातं

पॅसिफिकमधे सामोआ देशातलं आपिया आणि अमेरिकन सामोआमधलं पागो पागो, ही दोन बेटांवरची शहरं एकमेकांपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहेत. छोट्या विमानाने पाऊण तासाच्या आत प्रवास. पण दोघांच्या मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. आपियाहून शनिवारी सकाळी दहाला निघालात तर पागो पागोला पोचता शुक्रवारी, सकाळी पावणेअकराच्या आत! आणि परत येताना पाऊण तासाच्या प्रवासात एक अख्खा दिवस पुढे. २०११ पर्यंत दोन्हीकडे वार एकच होता, मग सामोआने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यवहार सोपा व्हावा म्हणून रेषेच्या दुसऱ्या बाजूला जायचं ठरवलं आणि त्या वर्षी ३० डिसेंबर हा दिवस त्यांच्याकडे उगवलाच नाही, २९ नंतर थेट ३१. तिकिटावरच्या पोचायच्या वेळेतून निघायची वेळ वजा केली की प्रवासाचा वेळ मिळतो असं आपण धरतो ना, ते फक्त दोन्हीकडचं घड्याळ एक असेल तरच.

मग आपण काय बघायचं

दीव घ्या. तेही बेटच आहे, खाडीवर पूल असला तरी. मुंबईहून हवाई अंतर साधारण २७० किमी, मधे खंभातचं आखात, आणि रस्त्याने जायचं तर आखाताला पूर्ण वळसा, सातशे किलोमीटरच्या वर. इथे विमान खरोखर वेळ वाचवतं, मुंबई-पुण्यासारखं नाही. हवाई अंतर पुण्याच्या दुप्पट-अडीचपट आहे म्हणून नाही, रस्ता कसा जातो त्यामुळे.

लक्षद्वीपचं उलट. २०२४ च्या जानेवारीत सगळ्यांनी लक्षद्वीप सर्च केलं तेव्हा माझ्या मैत्रिणीनेही केलं, कोची ते कवरत्ती अंतर टाकलं आणि साइटने विमानाचा वेळ देऊनही टाकला. कवरत्तीला विमानतळच नाहीये. लक्षद्वीपला विमानतळ एकच, अगत्तीला, धावपट्टी १२०० मीटरच्या आसपास, त्यामुळे पंख्याची एटीआर विमानं. पुढे कवरत्तीला जायचं तर बोट किंवा हेलिकॉप्टर, आणि त्यांची वेळ समुद्रावर आणि हवामानावर. साइटचं अंतर अगदी बरोबर होतं, पण त्या अंतरावर उडणारं काही नव्हतं.

म्हणून मी आता बेटावर जायचं असेल तर अंतर सगळ्यात शेवटी बघते. आधी, तिथे खरंच उड्डाण आहे का आणि आठवड्यातून किती. मग विमान कुठलं, कारण छोटं असेल तर बॅगेचं वजन कडक असतं. आणि मग, आजचं रद्द झालं तर पुढचं कधी. ऑर्कनीत उन्हाळ्यात समुद्रावरून दाट धुकं येतं, डिसेंबरात उजेडच जेमतेम सहा तास, आणि ही छोटी विमानं मुख्यतः डोळ्याने बघून उडवली जातात, त्यामुळे दोन मिनिटांच्या उड्डाणासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची वेळ येऊ शकते. अशा वेळी पापेवरचा माणूस खिडकीतून वेस्ट्रे दिसतंय का ते बघतो, मोबाइल नाही.

हे सगळं भाच्याला व्हॉइस मेसेजवर सांगितलं, सात तुकड्यांत. रात्री त्याने वहीचा फोटो पाठवला. कर्कवॉल ते नॉर्थ रोनाल्डसे, ऑर्कनीचंच सगळ्यात लांबचं बेट, त्याने अंश मोजून, रेखांश ५७ ने गुणून ५३ किमी काढले होते. खाली तीन उत्तरं, वारा नसताना पावणेतेरा मिनिटं, समोरून असताना सव्वासोळा, मागून साडेदहा. आणि त्याच्याखाली पेन्सिलने, "धुकं असेल तर उद्या."